जावातील मंदिरांसोबत साबो बांधही दाखवा

महोदय,

वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत इंडोनेशियातील जावा बेटाविषयी येते ते बहुतेक बोरोबुदूरचा सूर्योदय आणि प्रंबाननची शिखरे. सहल कंपन्याही तेवढेच दाखवून मंडळींना बालीला नेतात. ही मंदिरे ज्या मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहेत, त्याच्याशी तिथली माणसे नद्यांवर धोंडे-वाळू अडवणारे साबो बांध घालून कशी झुंजतात हे राहूनच जाते. जावातले योग्याकर्ता शहर पाहून आल्यावर मला ही उणीव फार खटकली.

प्रंबाननच्या वाटेवर थोडे आत सांबिसारी हे नवव्या शतकातले शिवमंदिर आहे. १९६६ साली एका शेतकऱ्याची कुदळ कोरीव दगडावर आपटली आणि मेरापीच्या सुमारे साडेसहा मीटर राख-वाळूखाली गाडले गेलेले देऊळ उजेडात आले. आज पायऱ्या उतरून खाली जावे लागते. गाभाऱ्यात शिवलिंग, बाहेरच्या कोनाड्यांत महिषासुरमर्दिनी, गणपती आणि अगस्त्य. हात जोडतानाच लक्षात येते, की आपण मघाशी उभे होतो ती जमीन देवळाच्या अंगणापासून दोन पुरुष उंचीहून अधिक वर आहे.

उद्रेक शमला तरी धोका टळत नाही. उतारावरची राख पावसात भिजली की धोंडे घेऊन नदीतून सुसाट उतरते. हाच लाहार. २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसे गेली, बोरोबुदूर राखेने माखले. जानेवारी २०११ मध्ये पुतिह नदीच्या लाहारने जुमोयो येथे योग्याकर्ता-मागेलांग रस्ता बंद पाडला. बोरोबुदूरला जाणाऱ्या बस याच रस्त्याने जातात!

हा लोंढा अडवण्यासाठी १९७० च्या दशकापासून जपानच्या मदतीने नद्यांवर एकाखाली एक साबो बांध घातले आहेत. पाणी जाऊ द्यायचे, धोंडे-वाळू अडवायची, लोंढ्याचा जोर मोडायचा. साचलेली वाळू लोक ट्रकने नेतात, त्यामुळे पुढच्या लोंढ्याला जागा होते. मात्र उपसा अति झाला तर बांधाचा पायाच उघडा पडतो. काही बांधांवरून गावचा रस्ता जातो, काहींवरून शेताला पाणी जाते.

सहल कंपन्यांनी सांबिसारी आणि एखादा साबो बांध यांसाठी अर्धा दिवस राखावा, आणि आपल्या पुरवणीने त्यावर सविस्तर लिहावे, ही कळकळीची विनंती. तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो. त्या काळात जाणाऱ्यांनी बांध काठावरूनच, स्थानिक वाटाड्यासोबत पाहावा. नदीपात्रात उतरू नये.

– एक वाचक, ठाणे