बापू, तुला एक विचारायचं आहे

कोल्हापूर
9 मार्च 2023

प्रिय बापू,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही, फोन आला की दोन मिनिटांत ठेवतो, म्हणून तू रागावला असशील. रागाव. हक्कच आहे तुझा. पण फोनवर मला हे बोलता येत नाही रे. समोर ही भाजी निवडत बसलेली असते, आणि जे बोलायचं आहे ते तिला पण कधी सांगितलेलं नाही. आज ती बहिणीबरोबर जोतिबाला गेलीय, म्हणून वही काढली. तब्येत बरी आहे. साखर होती तिथंच आहे, गुडघा जिना चढताना कुरकुर करतो. एवढंच.

थोरल्याच्या चिमीचं, माझ्या कॅनडातल्या नातीचं, सांगायचं आहे.

ती बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ खेळते हे तुला ठाऊक आहे. मागं गणपतीत आलास तेव्हा मोबाईलवर दाखवलं होतं, आणि तू म्हणालास, "मर्दा, हा तर झाडू मारत मारत खेळायचा कॅरम!" ही पोट धरून हसली होती. तर त्याच कर्लिंगमध्ये चिमीची यंदा प्रांताच्या संघात निवड झाली. कॅनडा विंटर गेम्स म्हणजे आपल्या नॅशनल गेम्ससारखंच, फक्त सगळे हिवाळी खेळ. 1967 ला क्यूबेक सिटीत पहिल्यांदा झाल्या. दहा प्रांत आणि तीन टेरिटरी, सगळीकडची पोरं येतात. हिवाळी स्पर्धा चार वर्षांनी एकदा, आणि कर्लिंगला वयाची अट. आमची सोळा संपून सतराव्यात. म्हणजे ही एकच संधी, पुढच्या वेळी ती वयात बसणार नाही. हे लक्षात ठेव, पुढं कळेल का सांगतोय.

यंदा स्पर्धा प्रिन्स एडवर्ड आयलंडवर होत्या, 18 फेब्रुवारी ते 5 मार्च. एवढंसं बेट, बटाट्यासाठी नावाजलेलं. थोरला सांगत होता, तिथली माती तांबडी आहे, लोखंडाच्या गंजानं झालेली. आता सगळी बर्फाखाली होती म्हणा. पण मला उगीच बरं वाटलं. पोरगी तांबड्या मातीवर खेळायला गेलीय म्हटलं, तालमीच्या हौद्यातल्या मातीसारख्या.

त्यांचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. मी चारला उठून चहा करून मोबाईल तांब्याला टेकवून बसायचो. आणि बापू, तू हसलास तरी सांगतो, मला त्या दगडाचं वेड लागलं. उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस मी, मला वस्तू पाहिली की ती कशी केली असेल ते आधी दिसतं. जवळजवळ वीस किलोचा ग्रॅनाइट. तो सपाट असेल असं वाटतं ना? नाही. खालून बशीसारखा पोकळ केलेला असतो, आणि बर्फाला टेकते ती फक्त एक बारीक गोल कडी, अर्धा-पाऊण सेंटिमीटर रुंदीची. वीस किलो त्या कडीवर! स्कॉटलंडजवळ एल्सा क्रेग म्हणून एक ओसाड बेट आहे, तिथला ग्रॅनाइट या कामाला सगळ्यात चांगला, पाणी शोषत नाही, फुटत नाही. आणि बर्फ पण गुळगुळीत ठेवत नाहीत. वरून पाण्याचे थेंब फवारतात, ते गोठून घामोळ्यासारखे बारीक दाणे होतात, त्या दाण्यांवरून दगड चालतो. पुढं दोघी झाडू घासत पळतात, त्या घासण्यानं बर्फ किंचित गरम होतो, दगड लांब जातो आणि कमी वळतो. सोडला की पलीकडच्या टोकाला बर्फावर आखलेल्या गोलात पोचायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तेवढा वेळ मी श्वास धरून. चहाचा कप हातात तसाच.

चिमी झाडू मारणाऱ्यांत. दगड टाकते पण, प्रत्येकीला एका एंडला, म्हणजे एका डावात, दोन दगड असतात, पण तिचं खरं नाव झाडूसाठी. खांदे आपल्या आईचे घेतलेत तिनं.

शेवटून दुसरा साखळी सामना. बरोबरी. शेवटचा एंड, शेवटचा दगड आमचा. हा जिंकल्या असत्या तर पदकाच्या फेरीत. स्किप म्हणजे कॅप्टन पोरीनं दगड सोडला, चिमी आणि दुसरी पोरगी दोन्हीकडून घासत निघाल्या. दगड जरा कमी पडतोय असं वाटत होतं. सगळ्या ओरडत होत्या. दगड रेघ ओलांडून गोलाजवळ आला, गोलात शिरला, आणि मध्याच्या असा जवळ जाऊन थांबला बापू, की मी एकटाच घरात "हाण!" म्हणून ओरडलो. ही दचकून उठली.

आणि चिमी उभी राहिली आणि तिनं हात वर केला.

मला कळेचना. मला वाटलं जिंकल्याचा हात आहे. मग तिनं झाडूकडं बोट दाखवलं, दगडाकडं दाखवलं. झाडूचं टोक चालत्या दगडाला लागलं होतं. त्याला ते बर्न्ड स्टोन म्हणतात. मी नंतर ते रेकॉर्डिंग किती वेळा बघितलं असेल. दिसत नाही. थांबवून, मोठं करून बघितलं. काही दिसत नाही. पंचांनी बघितलं नाही, समोरच्या संघानं बघितलं नाही, तिच्या बाजूला पळणाऱ्या पोरीला पण कळलं नाही. फक्त तिच्या हाताला कळलं. तुला मला ठाऊक आहे तसं काय लागलं ते हाताला कसं कळतं.

नियम असा आहे की दगडानं गोलाजवळची रेघ ओलांडल्यावर असं झालं तर सगळे दगड थांबेपर्यंत वाट बघायची, मग समोरच्या संघानं ठरवायचं. राहू दे म्हणायचं, किंवा तो दगड काढायचा, किंवा न लागता कुठं गेला असता तिथं ठेवायचा. त्या पोरींनी दगड काढला. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या नियमांच्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच लिहिलंय की खरा खेळाडू गैर मार्गानं जिंकण्यापेक्षा हरणं पसंत करतो, आणि चुकून नियम मोडला तर सांगणारा पहिला तोच असतो. थोरल्यानंच मला ते पूर्वी कौतुकानं वाचून दाखवलं होतं. दगड काढल्यावर समोरच्यांचा एक गोलात उरला. एक गुण त्यांना. सामना गेला.

मग सगळ्यांनी हात मिळवले. सामन्याआधी पण मिळवतात, सलामीसारखे. समोरच्या स्किपनं चिमीला मिठी मारली, आपल्या जॅकेटवरची पिन काढून हिच्या जॅकेटला लावली. तिथं पोरं अशा पिना एकमेकांत बदलतात. इथवर सगळं चांगलं.

आता पुढचं.

रात्री थोरल्याचा फोन आला. मी म्हटलं, चिमी कुठाय, तिला दे, मला बोलायचंय. तो म्हणाला, ती खोलीत आहे, बोलत नाही. मग हळूहळू कळलं. हॉलच्या बाहेर संघातल्या एका पोरीचा बाप काहीतरी बोलला, आमचा चिडला, पण चिडून आपल्याच पोरीवर घसरला. सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "कुणी बघितलं होतं का? मग तुला काय गरज होती सांगायची?"

बापू, हे वाक्य माझं आहे.

शब्दन् शब्द माझं आहे. मी हे तुला म्हटलं होतं, 1977 साली, शाहू स्टेडियमच्या त्या गेटजवळ, अंगावर गुलाल असताना. थोरल्याचा तेव्हा जन्म पण नव्हता. त्यानं ते कुठनं उचललं? मी घरात असं कधी बोललो का, कशावरून बोललो, हे गेले कित्येक दिवस आठवतोय. भाडेकरूच्या मीटरवरून? रिटर्न भरताना? बोललो असणार. बाप बोलतो ते पोरं ऐकत नाहीत म्हणतात, खोटं आहे. ऐकतात आणि ठेवून देतात.

आपण त्या फुटबॉलच्या फायनलबद्दल सेहेचाळीस वर्षांत एकदाही बोललो नाही. माझे बाबा गेले तेव्हा तू आलास, माझ्या शेजारी बसलास, आणि सव्वा वर्षाचा अबोला सुटला, पण ते तसंच राहिलं. आपण बाकी सगळ्यावरून भांडलो. तुझ्या हर्क्युलस सायकलचे चाळीस रुपये मी बुडवले म्हणतोस, मी अजून म्हणतो दिले होते, तुझ्या थोरल्या बंधूंच्या हातात. त्या कटाच्या आमटीवरून लग्नात भांडलो. पण हे नाही.

म्हणून आज लिहून देतो. चेंडू माझ्या हाताला लागला होता. कोपराच्या वर, इथं. कॉर्नर आला, मी उडी मारली, डोक्याला लागायचा तो दंडाला लागला आणि आत गेला. रेफरीनं शिट्टी मारून गोल दिला. त्यांचा गोलकीपर ओरडत धावला. आणि तू कॅप्टन, आपलाच गोल, आपलीच पेठ, दहा हजार लोक असतील की जास्त देव जाणे, तू सरळ रेफरीकडं गेलास आणि म्हणालास, हात लागला. रेफरीनं मला विचारलं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, छातीला लागला. गोल राहिला. कप आपला.

तू बूट काढलेस, नाड्या एकमेकांना बांधून गळ्यात अडकवलेस आणि अनवाणी गेटकडं निघालास. मी मागनं आलो आणि ते वाक्य बोललो. तू काही बोलला नाहीस. मिरवणूक निघाली, मला खांद्यावर घेतलं. रात्री अकराला तुझ्या आई आमच्या दारात. "आमचा बापू कुठाय रे?" मी दारात उभा, नखशिखांत गुलालात. म्हटलं, येईल की काकी. त्या माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी तुमच्या भिंतीवर कोळशानं 'फितूर' लिहिलेलं होतं. कुणी लिहिलं ते मला ठाऊक होतं. मी तिथनं दूध घेऊन जाताना बघितलं, काकी बादली आणि काथ्या घेऊन पुसत होत्या. मी पलीकडच्या गल्लीनं गेलो. पुढच्या वर्षी तू चिंचवडला नोकरी धरलीस. सगळे म्हणाले, चांगली कंपनी मिळाली, नशीब काढलं. मी पण म्हणायचो.

तो गोलकीपर अजून गंगावेशीला दूधकट्ट्यावर भेटतो रे. एका बाकड्यावर बसून आम्ही धारोष्ण पितो. तो नातवाच्या दहावीचं सांगतो. त्यानं एकदाही विषय काढला नाही, आणि मी पण.

आता थोरला म्हणतोय, "बाबा, तुम्ही बोला तिच्याशी. ती तुमचं ऐकते. सांगा तिला, झालं ते झालं, पुढच्या वेळी जरा डोकं वापर." त्याला पश्चात्ताप झालाय, पण कबूल करायचं धाडस नाही. तो माझाच आहे. चिमीनं सराव बंद केलाय. झाडू गॅरेजमध्ये टाकलाय. आईशी कामापुरतं बोलते. रविवारी, आपल्याकडं रंगपंचमी, त्या दिवशी रात्री ती मला फोन करणार आहे. स्वतःहून म्हणाली, आजोबांशीच बोलेन.

मी काय सांगू? "शाब्बास" म्हणायला मला तोंड नाही. तिला वाटतं आजोबा म्हणजे कोल्हापूरचा फुटबॉलपटू. कपाटावरचा तो कप तिनं लहानपणी मांडीवर घेऊन फोटो काढलाय. तोच कप, बापू. आणि पोरगी विचारील, तुम्ही असता तर काय केलं असतं आजोबा? विचारीलच. ती तशीच आहे, तुझ्यासारखी सरळ विचारते.

तुझं काय चाललंय? वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? धाकट्याच्या फ्लॅटचा ताबा मिळाला की बिल्डर अजून फिरवतोय? सविस्तर लिही, मी पुढच्या पत्रात सगळं विचारतो. तांबड्या रश्श्याचा मसाला करून ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतो. वहिनींना सांग, पाणी कमी घाला, गेल्या वेळी तू म्हणालास तसं होईल नाही तर.

आता जे विचारायला हे सगळं लिहिलं ते. त्या रात्री तू कुठं गेला होतास? मी कधी विचारलं नाही. रंकाळ्यावर होतास का? एकटा होतास? आणि मी मागनं गेटजवळ आलो तेव्हा, ते जे बोललो त्याच्याऐवजी, मी काय बोलायला हवं होतं? तुला तेव्हा काय ऐकायचं होतं? एका ओळीत लिही, शिव्या घालून लिही, पण खरं लिही. जमलं तर शनिवारपर्यंत पोचेल असं कुरिअरनं पाठव, नाही तर फोन कर, ही समोर असली तरी मी ऐकतो. तू जे सांगशील तेच मी रविवारी तिला सांगतो.

काकींच्या फोटोला माझा नमस्कार सांग.

तुझाच,
दादू