गुपिताचा धाक कोण काढणार?

मा. संपादक,
स. न.

महाविद्यालयांतील लैंगिक अत्याचार म्हटले की चर्चा मुलींच्या सुरक्षिततेपाशीच थांबते; पारलिंगी, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेले विद्यार्थी तिच्यात येतच नाहीत. अमेरिकेतील ३३ शिक्षणसंस्थांत २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत पदवीच्या २५.९ टक्के विद्यार्थिनींनी प्रवेशानंतर बळजबरीचा, किंवा संमती देण्याच्या स्थितीत नसताना झालेला लैंगिक स्पर्श वा संबंध नोंदवला. पारलिंगी, नॉनबायनरी (स्वतःला केवळ स्त्री वा केवळ पुरुष न मानणारे) इत्यादी विद्यार्थ्यांत हे प्रमाण २२.८ टक्के होते, मुलग्यांत ६.८.

पारलिंगी, नॉनबायनरी विद्यार्थ्यांना गाठणाऱ्याच्या हातात एक जादा हत्यार असते, ते म्हणजे घरी न सांगितलेल्या ओळखीचे गुपित. ‘बोललास तर घरी कळवीन.’ अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो, त्यामुळे कुणाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हेही त्याला माहीत असते. मग तक्रार समितीने जुन्या, म्हणजे विद्यार्थ्याने सोडलेल्या जन्मनावाने घरच्या पत्त्यावर पत्र धाडले, की त्याचे काम समितीनेच केले म्हणायचे! म्हणून तक्रार घेतानाच तीन गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात : कोणते नाव वापरायचे, निरोप कुठे द्यायचा आणि घरी कुणाला काय माहीत आहे. नोंदीतले जुने नाव कायद्याने लागतच असेल, तर ते बंद पाकिटात वेगळे ठेवावे.

अत्याचार रोखायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणातही या विद्यार्थ्यांचा विचार हवा. कॅनडात शार्लीन सेन व सहकाऱ्यांच्या १२ तासांच्या, चार सत्रांच्या कार्यक्रमाची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात बलात्कार झाल्याचे प्रमाण प्रशिक्षितांत ५.२ टक्के आणि केवळ माहितीपत्रके मिळालेल्यांत ९.८ टक्के होते. मात्र तो कार्यक्रम पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी बेतलेला होता. तो जसाच्या तसा उचलला, तर ‘मुलगे इकडे, मुली तिकडे’ म्हणताच ज्यांच्यासाठी खटाटोप, तेच दाराबाहेर पडतात. प्रसंगनाट्यात हल्लेखोर कायम पुरुष आणि अनोळखी असेल, तर मित्राच्या खोलीतला किंवा जोडीदाराचा दबाव ओळखायला कुणी शिकत नाही. स्वसंरक्षणाच्या सरावात आणखी एक अडचण येते. छाती सपाट दिसावी म्हणून ती दाबणारा घट्ट कपडा, म्हणजे बाइंडर, घातलेला असला की दम पुरत नाही, ओरडताही येत नाही. तो काढायला आडोसा द्यावा; ज्याला काढायचा नाही त्याच्यासाठी सराव संथ आणि बसून करता येण्याजोगा ठेवावा.

आणि घडलेच, तर घड्याळाकडे लक्ष हवे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, तेही जितके लवकर तितके चांगले. तातडीचे गर्भनिरोधक पाच दिवसांपर्यंत. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) घेत असल्यास गर्भ राहत नाही, हा समज डॉक्टरांतही आढळतो. तो चुकीचा आहे. त्या संप्रेरकामुळे योनीचे पातळ झालेले आतले अस्तर सहज फाटू शकते, म्हणून तपासणी हलक्या हाताने आणि प्रत्येक टप्प्यावर विचारूनच व्हावी. अवयवांना ती व्यक्ती जे शब्द वापरते, तेच डॉक्टरांनीही वापरावेत. छापील अर्जातला ‘स्त्री/पुरुष’ हा रकाना खोडून तिथे मोकळी ओळ ठेवायला तर पैसेही लागत नाहीत.

— महाविद्यालयीन लैंगिक हिंसा प्रतिबंधाचे काम करणारे काही प्रशिक्षक