कटर लावण्याआधी

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जुन्या थार जीपमधल्या बदलांसाठी तू पाठवलेलं कोटेशन नीट वाचलं. मडगार्ड कापून ३१ इंची टायर, गाडी उंच करायला बॉडी लिफ्ट, बंपरपुढे लोखंडी पाइपचा बुलबार आणि कॅनव्हासच्या छताच्या जागी पत्र्याचं हार्डटॉप. चिखलात गाडी घालायची तुझी हौस मला मनापासून आवडते. पण ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं आयुष्य पत्रा ठोकण्यात गेलं, म्हणून सांगतो: बोल्ट काढून पुन्हा मूळचं करता येईल तेवढंच कर.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलबारवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. आणि मला ते पटतं. घोडबंदर रोडवर कोणी आडवं आलं तर बॉनेटचा पत्रा दबतो, तो पाइप दबत नाही.

मडगार्डचं मात्र नीट ऐक. त्याच्या कडेला पत्रा आत दुमडलेला असतो, तीच त्याची ताकद. दुमड कापली की कड लुळी पडते आणि उघडी होते. ग्राइंडरची ठिणगी शेजारच्या रंगात रुतते, गंज तिथून सुरू होतो. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की गाडी झकास दिसते. पावसाळा गेला की रंगाला फुगे येतात, नखाने खरवडलं तर खाली लाल भुकटी. तू नेरूळला खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात गाडी उभी करतेस, तिथे हे आणखी लवकर होईल.

टायरचा हिशोब मी मांडून पाहिला. थारचा मूळ टायर २३५/७० आर १६, उंची सुमारे ७३५ मिलिमीटर. ३१ इंची म्हणजे ७८७. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, म्हणून काटा ८० दाखवेल तेव्हा तू ८५ च्या वर असशील, आणि ब्रेक तेच जुने. बॉडी लिफ्टमध्ये चासी (खालचा सांगाडा) आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे घालतात, त्याने स्टीअरिंगच्या दांड्याचा कोन बदलतो, नळ्या ताणल्या जातात. ते नकोच.

मूळ मापातलेच मड टायर घे. खालून दगड लागू नये म्हणून बोल्टने बसणारी स्किड प्लेट लाव, अडकलेली गाडी ओढून काढायला चासीला पुढे-मागे चांगले टो हुक लाव. ट्रेलवर कामाला हेच येतं. रंग बदलायचा असेल तर बदल, पण आरसीवर नोंद करून घे. हार्डटॉपचं आधी आरटीओत विचार, आरसीत बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. परवानगी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस. जे काही लावशील ते विमा कंपनीला लेखी कळव, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे करतील.

रविवारी गाडी घेऊन ये, आरसी आणि विम्याचे कागदही आण. गाडी जॅकवर घेऊन स्किड प्लेटची भोकं मीच तुला दाखवतो.

तुझा,
बाबा