नात विमान कधी उडवणार?

रामबाग, इंदूर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, दर रविवारी फोनवर तुमचा एकच प्रश्न, "विमान कधी उडवणार ती?" आणि दर रविवारी मी "बघू" म्हणून विषय बदलते. तुम्ही तिकडे पुण्यात दादाच्या सोसायटीत सगळ्यांना नात पायलट होतेय म्हणून सांगत सुटला आहात, म्हणून आज सविस्तर लिहिते.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये विमान वाट्याला येतं ते चिमूटभर. बाकी सगळं मैदानावर. सकाळी सहाला पोहे अर्धे टाकून पळते, बुटांना पॉलिश आदल्या रात्रीच झालेलं असतं. (आई, स्वतःचं ताट उचलत नाही ती पोरगी, पण बुटात तोंड दिसलं पाहिजे!) परवा मायक्रोलाइटमध्ये बसवलं होतं. दोन सीटचं इवलंसं विमान, एकीकडे इन्स्ट्रक्टर, एकीकडे ही. वरून बिजासनची टेकडी दिसली म्हणाली, आणि तेवढ्यात उतरलेसुद्धा. त्या मोजक्या मिनिटांवर ती आठवडाभर बोलत होती.

घरी मात्र एअरोमॉडेलिंगचा, म्हणजे छोटी विमानं बनवून उडवण्याचा, उच्छाद आहे. जेवायच्या टेबलावर बाल्सा लाकडाचा भुसा, सगळीकडे गोंदाचा वास. एक मॉडेल तर दोन तारांनी हातातल्या मुठीला बांधलेलं असतं. ते भोवती गरगर फिरतं आणि उडवणाऱ्यालाही त्याच्याबरोबर फिरावं लागतं. पहिल्या दिवशी भोवळ येऊन खाली बसली. ग्लायडर शेजारच्या काकूंच्या पापडांवर उतरलं, ते वेगळंच. आणि जेवताना व्याख्यान: विमान स्टॉल होतं म्हणजे इंजिन बंद पडतं असं नाही, नाक फार वर उचललं की पंखावरची हवा सुटते. मी बीएस्सी झालेली बाई, मलाही हे माहीत नव्हतं.

बाबा, तुमचा एक घोटाळा आहे. ती सार्जंट झाली आणि सी सर्टिफिकेटला बसणार, या दोन वेगळ्या गोष्टी. रँक युनिट देतं, तुकडी सांभाळायला. चुकलात तर काढूनही घेतं. सर्टिफिकेट परीक्षेनं मिळतं. ए शाळेत झालं, बी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आता तिसऱ्या वर्षी सी. त्यासाठी परेडची ७५ टक्के हजेरी आणि कॅम्प लागतात. सी चांगल्या ग्रेडने मिळालं तर एअर फोर्सच्या स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षा टळते, पण एअर फोर्सच्या निवड बोर्डाची मुलाखत आणि मेडिकल टळत नाही. त्यातली पायलटची निवडचाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की उडवण्याचा विषय संपला. सोसायटीत हेही सांगा.

आता जे फोनवर सांगता येत नाही ते. कॅम्पचा फॉर्म आला, परराज्यातल्या, पालकांच्या सहीचा. दोन दिवस तो फ्रिजवर मॅग्नेटखाली तसाच होता. ती काही बोलली नाही, येता-जाता नुसती बघायची. तुम्ही माझा फॉर्म असाच कपाटात ठेवला होता, आठवतंय? "दहा दिवस तंबूत, मुलीनं?" एवढंच म्हणाला होतात. आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. माझं सी राहिलं ते त्यामुळे. लोकांना मी अजून सांगते, अभ्यास झाला नव्हता म्हणून.

फ्रिजवरचा फॉर्म बघताना मला नेमकं तेच वाटत होतं जे तुम्हाला वाटलं असेल, पाऊस, डास, परकी माणसं. तिसऱ्या दिवशी सही केली. तुमचा राग गेला असं मात्र लिहिणार नाही, बाबा. थोडा आहे अजून.

तिला माझं बी सर्टिफिकेट बघायचंय. ते माळ्यावरच्या काळ्या ट्रंकेत आहे, आणि किल्ली आईच्या जुन्या पर्समध्ये पुण्याला गेलीय. दादा दिवाळीत येईल तेव्हा पाठव गं आई. कुलूप तोडायचं म्हणतेय ती, मी अडवून धरलंय.

बीपीची गोळी वेळेवर घ्या.

तुमची,
ताई