जपानी कुस्तीचा गेम मागवताना

संपादक महोदय,

बटणे बडवण्याऐवजी पत्ते टाकून कुस्ती खेळवणारा जपानी व्हिडिओ गेम 'रेसल एंजल्स' (1992) पुढे सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेम-यंत्रावरही आला. आपल्या आखाड्यात पाठ टेकली की चीतपट. तिथे पाठ टेकलेली असताना पंचाचे 3 आकडे मोजून पूर्ण व्हावे लागतात. चुरस तिथेच!

बडोद्यात हे यंत्र मागवणाऱ्यांनी मूळ अडॅप्टर थेट प्लगात खुपसू नये. तो 100 व्होल्टच्या विजेवर चालणारा, आपली वीज 230, जळणारच. मध्ये व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. दुसरा अडॅप्टर घ्यायचा तर त्यातून यंत्राला मिळणारे 10 व्होल्ट, 850 मिलिअँपिअर आणि पिनेचे आतले टोक ऋण हवे. बाजारात सर्रास उलटे मिळतात. जुन्या टीव्हीवर चित्र काळे-पांढरे दिसले तर दोष कॅसेटचा नाही, एनटीएससी या जपानी टीव्ही-चित्रपद्धतीचा. आणि कॅसेटवर फुंकर नको, ओलाव्याने पिना गंजतात.

— एक वाचक, बडोदे