खारेपाटात माती खोलवर तपासा

महोदय,

मे महिन्यात माझ्या भाच्याने पेणजवळच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतल्या, प्लॉटचा सॉइल रिपोर्ट (माती तपासणीचा अहवाल) मला दाखवायला आणला. त्याला तिथे दोन मजली घर बांधायचे आहे. रिपोर्ट दोनच पानांचा होता. जमिनीवर 30 सेंटिमीटरची लोखंडी प्लेट ठेवून, तिच्यावर भार देऊन घेतलेली एक चाचणी (प्लेट टेस्ट), आणि खाली सही-शिक्क्यासह सुरक्षित भाराचा आकडा : दर चौरस मीटरला 15 टन. मातीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काढलेल्या माझ्या पोटात तो आकडा वाचून गोळा आला.

मे महिन्यात खारेपाटाची जमीन टिकाव उसळावी इतकी कडक असते. पण ही साय मीटर-सव्वा मीटरचीच. खाली निळसर करडी, पाण्याने तुडुंब चिकणमाती. प्लेटचा दाब तिच्या रुंदीच्या साधारण दुपटीपर्यंत, म्हणजे 60 सेंटिमीटर खोल जाणवतो. दोन मीटर रुंद फुटिंगचा, म्हणजे खांबाखालच्या पसरट पायाचा, दाब चार मीटरपर्यंत पोचतो. चाचणी सायीची झाली होती, घराचा भार मात्र खालच्या मातीवर येणार होता.

आम्ही बोअर (जमिनीत खोल भोक) घेऊन तीन मीटरवर वेन शिअर टेस्ट, म्हणजे मातीत पाती फिरवून तिचे बळ मोजणारी चाचणी, करवली. मातीचे बळ दर चौरस मीटरला 2 टन भरले. अशा मातीवर भार चढतो तेव्हा आतल्या पाण्याला निचरायला सवड मिळत नाही, म्हणून कणांमधले घर्षण हिशेबात धरता येत नाही. भिस्त या 2 टनांवरच. चौरस फुटिंगखाली माती त्याच्या सुमारे सहा पट दाबाला, म्हणजे 12 टनांना फुटते. सुरक्षिततेसाठी त्याला तीनने भागले की सुरक्षित भार 4 टन. रिपोर्टातला आकडा माती फुटण्याच्या आकड्याच्याही वर होता!

कंत्राटदार म्हणाला, पाया रुंद करू. वाळूत रुंदीबरोबर दर चौरस मीटरची ताकद वाढते, भिजलेल्या चिकणमातीत ती वाढत नाही. दाब विभागला जातो हे खरे, पण तो आणखी खोल पोचतो. शिवाय दीड मीटर मुरमाचा भराव टाकला की जमिनीवर दर चौरस मीटरला अडीच टनांहून जास्त वजन आधीच बसते आणि माती वर्षानुवर्षे खचत राहते. हा भराव कोणी मोजतच नाही.

कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथे 1913 मध्ये धान्याचे प्रचंड कोठार असेच गेले. तिथेही चाचण्या वरच्या घट्ट चिकणमातीवर झाल्या होत्या. खालची मऊ माती कोणी तपासली नव्हती. धान्य भरत आले आणि ऑक्टोबरमध्ये ते कोठार एका दिवसात जवळपास 27 अंशांनी कलंडले. काँक्रीट बहुतांशी शाबूत राहिले, म्हणून पुढे खालच्या खडकापर्यंत आधार देऊन ते सरळ करता आले. आपल्याकडच्या विटांच्या भिंती असे कलंडणे सोसणार नाहीत.

बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयांना माझी विनंती आहे : खारजमिनीवरच्या घरांसाठी नुसता प्लेट टेस्टचा आकडा स्वीकारू नका. निदान एक बोअर, फुटिंगच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत, दर मीटरला वेन टेस्ट किंवा ट्यूबमधला अभंग नमुना, आणि खचण्याचा वेगळा हिशेब मागा. घराच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. भाच्याने काम थांबवले असून त्याचा नकाशा आता 4 टनांवर नव्याने आखला जात आहे. त्याच आळीत आणखी तीन प्लॉटवर खड्डे खणून झाले आहेत. त्यांच्या मालकांनी काँक्रीट ओतण्याआधी आपापले रिपोर्ट पुन्हा उघडून पाहावेत.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पेण (जि. रायगड)