नवीन दिवाणजीला सांगावं तसं

वणी तालुका, जि. यवतमाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा घरच्या वावरात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, केली आणि कापसाची वेचणी लागली. दिवसभर बायांबरोबर वावरात, संध्याकाळी काट्यावर, म्हणून तुझ्या पत्राला उत्तर लिहायला इतके दिवस गेले.

तू विचारलंस, की एआय एजंटला नोंदी काढून देणारं टूल, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून झाल्यावर त्याच्या वर्णनाच्या चार ओळींवर मी एवढा वेळ का घालवला. मागच्या जानेवारीतली एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती, ती आज सांगतो.

आमच्या शेतकरी कंपनीच्या सभासदांसाठी मी असा एजंट, म्हणजे प्रश्न समजून घेऊन स्वतःच योग्य टूल वापरणारा एआय मदतनीस, बसवला, हे तुला माहीत आहे. फोनवरून विचारलं की तो डेटाबेसमधून काटा पावती, वजन, चुकारा (म्हणजे मालाचे पैसे) काढून सांगतो. आमच्याच गावच्या एका काकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये कापूस दिला होता. जानेवारीत त्यांनी विचारलं, "यंदा माह्या नावानं कापूस किती लिहेल हाय?" एजंटनं उत्तर दिलं, की तुमच्या नावाने कापसाची नोंदच नाही.

काका दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. बंडीच्या खिशातून चौघडी घातलेली पावती काढून त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि काही न बोलता उभे राहिले. पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, चुकारा अजून खात्यात जमा नाही, आणि त्यात हे उत्तर. त्या माणसाची रात्र कशी गेली असेल, याचा विचार करून आजही मला कसंतरी होतं.

चूक शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. टूलच्या वर्णनात मी एवढंच लिहिलं होतं: "शेतकऱ्याची माहिती आणते." आणि भरायचा रकाना होता 'वर्ष'. आमच्या डेटाबेसच्या टेबलात वर्ष म्हणजे हंगाम ज्या साली सुरू झाला ते साल. एजंटला 'यंदा' ऐकून २०२५ भरावंसं वाटलं, त्यात त्याचं काय चुकलं? नोंद २०२४ खाली होती. उत्तर रिकामं आलं, आणि त्यानं त्या रिकाम्या उत्तराचा अर्थ 'नाही' असा लावला.

एजंटच्या आतल्या एआय मॉडेलला आपला कोड दिसत नाही, गड्या. टूलचं नाव, वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं, एवढंच त्याच्यापुढे असतं. टेबलातली जी गोष्ट मला तोंडपाठ आहे ती त्याला कोणी सांगितलेलीच नसते. जिनिंगवर नवीन दिवाणजी येतो तेव्हा आपण पहिल्या दिवशी त्याला जवळ बसवून सांगतो, की ही वही कापसाची, ती रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची. कापूस क्विंटलमध्ये लिहायचा, रुई खंडीत, आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. तेवढंच मी आता टूलला लिहितो. हे वाच:

"सभासदाने केंद्रावर दिलेल्या कापसाच्या काटा पावत्या आणते. चुकाऱ्याची रक्कम यात नाही, त्यासाठी 'चुकारा शोधा' वापर. सभासद क्रमांक लागतो. फक्त नाव माहीत असेल तर आधी 'सभासद शोधा' वापर. हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, '२०२४-२५' असाच लिही. कोणी 'यंदा' म्हटलं तर आजच्या तारखेवरून हंगाम ठरव. वजन क्विंटलमध्ये. एका वेळी जास्तीत जास्त २० पावत्या येतात. आणखी असतील तर तसं उत्तरात लिहिलेलं असतं. उत्तर रिकामं आलं तर दिलेल्या क्रमांकाला आणि हंगामाला पावती सापडली नाही, एवढाच अर्थ घे. मागचा हंगाम एकदा पाहा. तरीही न सापडल्यास पावती घेऊन केंद्रावर यायला सांग. कापूस दिलाच नाही, असं सांगू नको."

शेवटची वाक्यं मला सगळ्यात मोलाची वाटतात. कोणतं टूल कधी वापरायचं, हे तर सगळेच लिहितात. पण काहीच सापडलं नाही तर त्याचा अर्थ काय, हे लिहायचं राहून जातं, आणि आपल्याकडे तर न सापडण्याची कारणं पावलोपावली आहेत. एका पावतीवर वानखडे, दुसरीवर वानखेडे. जमीन बापाच्या नावावर, सभासद पोरगा. म्हणून नावावरून थेट पावती काढायची सोयच मी बंद केली. 'सभासद शोधा' जुळणारी सगळी नावं गाव आणि वडिलांच्या नावासकट देतं, आणि तुम्ही यातले कोण, हे एजंट माणसालाच विचारतो.

चुकीचं भरल्यावर येणारा निरोपही बदलला. आधी नुसतं 'अवैध' यायचं. आता "हंगाम '२०२४-२५' असा द्या" असं येतं, आणि एजंट स्वतःच दुरुस्त करून पुन्हा विचारतो. एक मात्र वर्णनावर सोडलं नाही. दुसऱ्याचा बँक खाते क्रमांक दाखवू नको, असं नुसतं लिहून ठेवणं मला पटेना. ते कोडमध्येच अडवलं.

वर्णन फार वाढवूनही चालत नाही, कारण ते दर वेळी मॉडेलला वाचायला जातं. त्यामुळे नवीन वाक्य घालण्याआधी मी काट्यावर बसून लोक जसं विचारतात तसे तीस प्रश्न वहीत उतरवले, "पैसे कवा भेटन?" पासून. प्रत्येक प्रश्नाला एजंटनं कोणतं टूल घेतलं आणि रकान्यात काय भरलं, ते पाहिलं. "माहं किती झालं?" या प्रश्नावर तो अजून कधी पावत्या काढतो, कधी चुकारा. खरं तर विचारणाऱ्यालाही कधी वजन हवं असतं, कधी पैसे. इथं त्यानं आधी विचारावं, असं मला वाटतं, पण ते पावत्यांच्या वर्णनात लिहू की चुकाऱ्याच्या, की एजंटला सुरुवातीलाच दिलेल्या सर्वसाधारण सूचनांमध्ये, हे ठरत नाही. तू रोज हेच काम करतोस, तुझं मत कळव.

सोबत सहाही टूलची वर्णनं पाठवतोय. आमच्या टेबलातलं तुला काहीच ठाऊक नाही, म्हणून तूच वाच, आणि जिथं अडशील तिथं खूण कर. काकांचा चुकारा त्याच आठवड्यात जमा झाला होता. पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ते स्वतः घरी आले होते. आईनं तुला हुरड्याला बोलावलं आहे.

तुझा मित्र